रविकांत मिराशी पुन्हा घोड्यावर

१५ जून, रविवार. उइटहॉर्न, नेदरलँड्स.

आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायचं झालं तर कच्चा माल हाताशी हवा. कुणाला दाखवायची नाही. म्हणजे खरं लिहिता येईल.

मोठी बातमी. मला सिनेमा मिळाला.

दुपारी आमच्या लेकीच्या, अमृताच्या ओळखीचा रणजित म्हणून एक मुलगा हार्लेमहून आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा. मूळ सोलापूरचा, इथे आयटीत. शनिवार-रविवार शॉर्ट फिल्म करतो. लहानपणी त्याने माझा 'बारूदपूर' व्हिडिओवर इतका पाहिला की कॅसेट घासून गेली. आल्या आल्या पाया पडला. मग म्हणाला, काका, मला वेस्टर्न करायचाय आणि तुमच्याशिवाय कुणी डोळ्यांपुढे येत नाही. हार्लेमच्या पलीकडे समुद्राकडे वाळूच्या टेकड्या आहेत, शूटिंग तिथे. एक म्हातारा बंदूकबाज बऱ्याच वर्षांनी आपल्या गावात परततो, मोठं स्वगत म्हणतो आणि मरतो. एवढंच. पण त्या एवढ्यात किती आहे.

मी म्हणालो, विचार करून कळवतो. कलाकाराने लगेच हो म्हणू नये. तो बूट घालत होता तेव्हा हो कळवलं.

दारातून त्याने विचारलं, काका, घोडा चालेल ना. मी नुसतं 'बारूदपूर'मधलं ते हसू हसलो. त्याच्या अंगावर काटा आला. शुभदा कपबशा गोळा करून आत निघून गेली. माझं ते हसू तिला लग्न झाल्यापासून सोसत नाही.

संध्याकाळी छातीत धडधड. इथली कॉफी कडक असते. उद्यापासून कॉफी बंद.

१६ जून, सोमवार.

इथे मी कोण ते कुणाला माहीत नाही, म्हणून नोंद करून ठेवतो. हिंदीत काउबॉय टोप्यांची लाट आली होती तेव्हा त्या टोपीखाली हमखास मी असायचो. 'बारूदपूर', 'लाल खिंड', 'परदेसी पिस्तूल'. नायक कोणीही असो, मध्यंतराच्या आत त्याच्या गोळीने मरायचं काम माझं. मरण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. कोल्हापूरला स्टेशनबाहेर टांगेवाले ओरडायचे, ए काउबॉय, बसतोस का. मी रिक्षाने जायचो. चाहत्यांची गर्दी नको म्हणून.

घोड्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. वेस्टर्न म्हणजे घोडा नव्हे. वेस्टर्न म्हणजे टोपी. क्लोज-अपला मी लोखंडी पिंपावर बसायचो, पिंपावर खोगीर, खाली दोघे जण पिंप हलवायचे, समोर मोठा पंखा. लाँग शॉटला माझ्या टोपीत बब्बनमास्टर. याला तंत्र म्हणतात. अभिनय कमरेच्या वर असतो. खाली पिंप आहे की जनावर, ही चौकशी प्रेक्षकाने का करावी.

नंतर टीव्ही. शेवटचं काम मालिकेत, दिवंगत सासरे. भिंतीवर हार घातलेला फोटो. संवाद नव्हते, पण घरातले सगळे मोठे निर्णय माझ्यासमोर व्हायचे. पुढे कथेत त्या लोकांनी घर बदललं आणि फोटो नव्या घरी नेला नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

संकल्प: सकाळी फिरणे, साखर बंद, स्वगत पाठ. घोड्याचं बघून घेऊ.

१८ जून, बुधवार.

बुधवारी इथल्या शाळा दुपारी सुटतात. नात ईशानी त्या दिवशी घोड्यावर बसायला शिकते. गावाबाहेर मानेज आहे, म्हणजे घोडेस्वारीची शाळा. ईशानीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं आणि राग डचमधून.

तिने विचारलं, आजोबा, तुमचे स्टंट तुम्हीच करायचात का. मी म्हणालो, आमच्या काळी असले डमी वगैरे लाड नव्हते. मुलांना तांत्रिक बाबी समजत नाहीत, सोपं करून सांगावं लागतं.

शाळेत तिला वर्गासमोर भाषण करायचंय, त्याला स्प्रेकबर्ट म्हणतात. विषय गिनीपिग होता. आता बदलून 'माझे आजोबा काउबॉय' केला. शिवाय शनिवारी मला मानेजवर नेणार आहे, सरावाला.

हात एकदम गार पडले. जूनमध्येसुद्धा इथे गारठा. जावयाला म्हणालो, निहार, हीटिंग जरा लावता येईल का. म्हणाला, बाबा, बाहेर सव्वीस आहे.

२१ जून, शनिवार.

मानेजवर गेलो. इथली माणसं उंच, घोडे त्याच प्रमाणात.

मालकीणबाई मारायके. साठीच्या, खांदे पैलवानाचे, हात मिळवला तो अजून दुखतोय. सिनेमासाठी घोडा त्या देणार. घोड्याचं नाव टोस्टी. टोस्टी म्हणजे इथलं चीजचं भाजलेलं सँडविच, त्यामुळे लहानखुरा असेल असं धरून चाललो होतो. कपाटाएवढा आहे. तपकिरी. डोळे सुपारीएवढे नव्हे, लिंबाएवढे.

बाईंनी हातात गाजर दिलं. मी खाल्लं. इथली आदरातिथ्याची पद्धत असावी. ईशानी तोंडावर हात धरून बघत होती. नंतर कळलं, ते टोस्टीसाठी होतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने मान लांब करून माझ्या कानात जोरात श्वास सोडला. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. तिथून उजेड बरा पडत होता. तिथून आणखी लांब गेलो तर कँटीन लागलं. उरलेला वेळ काचेतून निरीक्षण केलं. भूमिकेसाठी निरीक्षण फार महत्त्वाचं.

शुभदा बाहेरच थांबली. टोस्टीचं कपाळ खाजवत त्याच्याशी मराठीत बोलत होती. येताना म्हणाली, तो ऐकून घेतो हो सगळं. शुभदाने आयुष्यभर प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला. तिला कोणीही ऐकून घेतलं की कौतुक वाटतं.

२४ जून, मंगळवार.

काल जिना उतरताना उजवा गुडघा वाजला. स्पष्ट. दुर्लक्ष करणं योग्य नव्हे, निर्मात्याचं नुकसान होतं. अमृताकडे हट्ट धरून इथल्या फॅमिली डॉक्टरांची वेळ घेतली. इथे त्यांना हाउसआर्ट्स म्हणतात. तरुण मुलगी होती. गुडघा वाकवला, दाबला, मला उठाबशा काढायला लावल्या. मी चेहऱ्यावर वेदना आणली होती. उत्तम आणली होती.

म्हणाली, तुमच्या वयाच्या मानाने गुडघा फारच छान आहे. मी विचारलं, पण घोड्यावर बसणं धोक्याचं ना. म्हणाली, उलट चांगला व्यायाम. लागलीच तर पॅरासिटामॉल घ्या.

एवढ्या लांबच्या देशात आलो आणि गुडघा चांगला निघाला. अमृता गाडी चालवत होती. मग म्हणाली, बाबा, नको असेल तर नाही म्हणून सांगा ना रणजितला. मी म्हणालो, मिराश्यांनी दिलेला शब्द असतो. तिने रेडिओ लावला.

२७ जून, शुक्रवार.

रणजितला फोन करून पटकथेत सुधारणा सुचवल्या. म्हातारा बंदूकबाज चालत गावात येतो. थकलेला, धुळीने भरलेला. घोडा वाटेतच मेला आहे. करुण रस वाढतो. रणजित म्हणाला, काका, घोडा काढला तर मागे काय राहतं, एक माणूस वाळूतून चाललाय. मी म्हणालो, मग सायकल. डच वेस्टर्न. जगात कुणी केला नसेल. तो म्हणाला, मी जरा नंतर बोलतो. मला वाटलं कल्पना पोचली.

थोड्या वेळाने त्याने मोबाइलवर 'बारूदपूर'ची क्लिप पाठवली. ती उडी. कौलावरून थेट धावत्या घोड्याच्या पाठीवर. खाली लिहिलं होतं, काका, ज्या माणसाने हे केलंय त्याने मला सायकल सांगू नये.

क्लिप परत परत पाहिली. काय उडी आहे. घामाने मोबाइल हातातून निसटला. उत्तर म्हणून नुसते जोडलेले हात पाठवले.

२ जुलै, बुधवार.

ईशानीचं भाषण झालं. वर्गाच्या बाई खूश. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फक्त डान नावाच्या मुलाने हात वर करून विचारलं, उडी मारताना त्या माणसाचा चेहरा का दिसत नाही. ईशानी त्याला म्हणाली, तुला सिनेमातलं काही कळत नाही. डान तिचा सगळ्यात जवळचा मित्र होता, पहिल्या इयत्तेपासून. आता दोघं बोलत नाहीत. डबासुद्धा वेगवेगळा खातात.

घरी आल्यावर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, मी त्याला माझ्या आजोबांविषयी तसं बोलू देणार नाही. हे इंग्रजीत.

ऊर अभिमानाने भरून आला. लगेच पोटात कळ आली. दुपारी चीज जास्त झालं होतं. चीज बंद.

५ जुलै, शनिवार.

पहिला धडा. निर्धाराने गेलो. कोट, बूट, मुंबईहून आणलेली टोपी.

घोड्यावर चढायला लाकडी पायऱ्यांचा ठोकळा असतो. त्यावर चढलो. टोस्टी बाजूला उभा. मारायकेबाई म्हणाल्या, डावा पाय रिकिबीत, उजवा पलीकडे. सोपं आहे. मी ठोकळ्यावर उभा राहून जागेचा अंदाज घेत होतो. मग वाटलं, आलोच आहे तर स्वगतही करून बघू, उंची छान मिळाली आहे. पूर्ण स्वगत ठोकळ्यावरून म्हटलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. टोस्टीने मध्येच एक पाय उचलून ठेवला तेव्हा दोन ओळी गाळल्या गेल्या, पण अर्थाला बाधा नव्हती.

मग बाई हेल्मेट घेऊन आल्या. टोपी चालणार नाही, नियम आहे. मी सांगितलं, माझ्या डोक्यावर टोपी असते, हीच माझी ओळख, टोपी उतरवून मी घोड्यावर बसणार नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. खाली उतरलो. उतरताना बाईंचा दंड धरला, त्यांना आधार म्हणून.

तेवढ्यात शुभदाने बाईंना विचारलं, मी बसून बघू का. पंजाबी ड्रेस, स्पोर्ट्स शूज. मी अगं-अगं करेपर्यंत हेल्मेट घालून ती वर. क्षणभर डोळे मिटले, मग म्हणाली, मऊ आहे हो. बाईंनी दोर धरून गोल फिरवलं. एक फेरी, मग आणखी एक. तिचा चष्मा आणि पर्स माझ्याकडे. चष्म्याची काडी जरा वाकली, कशी कोण जाणे.

उतरल्यावर तिला विचारलं, तुला काही वाटलं नाही? म्हणाली, वाटलं ना. पण चौथीतल्या पोरांपेक्षा हा गरीब आहे.

१६ जुलै, बुधवार.

शुभदा रोज मानेजवर जाते. माझ्या वतीने निरीक्षण करायला. आज दोराशिवाय चालवला म्हणे. घरी आली की गवताचा वास येतो. गालावर लाली. अमृता म्हणाली, आईला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. लग्नानंतर लगेच आम्ही महाबळेश्वरला गेलो तेव्हा. तिथेही तिला घोड्यावर बसायचं होतं. मी म्हणालो होतो, आपण होडीत बसू.

२० जुलै, रविवार.

आज मला एक कल्पना सुचली. लाँग शॉट शुभदाने करायचे. माझा कोट, माझी टोपी, अंतर भरपूर. शुभदा कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, लांबून कोण बघतंय, कोट घातला की झालं. म्हणजे शब्द तिचे, पण कल्पना माझ्या मनात आधीपासून होतीच.

रणजितला सांगितलं. वाटलं होतं नाराज होईल. पटकन हो म्हणाला. इतक्या पटकन की मी थोडा दुखावलो. म्हणाला, काकूंना चालवताना पाहिलंय मी, बाईंनी व्हिडिओ पाठवला. पण काका, क्लोज-अपला तुम्हीच. खऱ्या घोड्यावर. तो नुसता उभा राहील.

मी पिंपाचं तंत्र समजावून सांगितलं. म्हणाला, आजकाल लगेच कळतं काका, घोड्याचा श्वास माणसाच्या खांद्यात दिसतो.

इतकं बारीक बघायला कुणी सांगितलं या पिढीला.

२९ जुलै, मंगळवार.

शनिवारी शूटिंग. गूगलवर वाचलं. घोडे तासन्‌तास उभे राहू शकतात. झोपसुद्धा उभ्याने घेतात. झोपेत दचकतात का, हे कुठेच दिलेलं नाही.

जेवण गेलं नाही. शुभदाने वरण-भात केला होता. व्यक्तिरेखा उपाशी आहे, म्हणून मीही उपाशी, असं सांगितलं. तिने ताट झाकून ठेवलं.

३१ जुलै, गुरुवार.

या देशात रोज पाऊस पडतो असं सगळे सांगतात. शनिवारचं हवामान: स्वच्छ ऊन, मंद वारा. दर तासाला पाहिलं. बदललं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

अमृताला सहज जवळ बसवून पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बाबा, तो घोडा रिटायर झालाय.

मीही रिटायर झालोय. म्हणून मी काही धोकादायक नाही असं थोडंच आहे.

२ ऑगस्ट, शनिवार.

झालं.

आधी लाँग शॉट. हेल्मेटवर टोपी कशी बसवायची यावर मारायकेबाईंनी तोडगा काढला, टोपीचा मधला भाग कापून उरलेली टोपी हेल्मेटवर चढवली. माझी टोपी. पण मी हरकत घेतली नाही, माझं लक्ष नव्हतं. शुभदा कोट घालून टेकडीवरून खाली आली. आधी चालत, मग दुडक्या चालीने. मागे आकाश, वाळूतलं ते रुक्ष गवत वाऱ्यावर झोपलेलं. रणजित कॅमेऱ्यामागे हळूच म्हणाला, बापरे. मी बघितलं आणि मला एक क्षण वाटलं, तो मीच आहे. किती ताठ बसलो आहे.

मग माझं नाव पुकारलं.

ठोकळ्यापर्यंत गेलो. पाय चढेनात. वाळू फार मऊ आहे तिथली. सगळे थांबले होते. रणजितच्या ऑफिसातली दोन मुलं, बाई, ईशानी, निहार. कुणी घाई केली नाही, आणि तेच वाईट होतं. मी म्हणालो, उजेड चुकीचा आहे. रणजित म्हणाला, उजेड छान आहे काका.

शुभदा माझा कोट काढून घेऊन आली. मला चढवला, बटणं लावली. तिने टोस्टीचा लगाम हनुवटीजवळ धरला आणि म्हणाली, चढा. खाली बघू नका. इकडेतिकडे बघू नका. माझ्याकडे बघा.

कसा चढलो आठवत नाही. बाईंनी मागून ढकललं असावं. वर गेल्यावर जमीन नाहीशी झाली. खाली काहीतरी प्रचंड, जिवंत, श्वास घेतंय. ते फुगतं आणि बसतं आणि त्याच्यासोबत मी. खोगिराची कड एका हाताने धरली होती, ती फ्रेममध्ये नव्हती. शुभदा फ्रेमच्या बाहेर, वाळूत उभी. हळूच म्हणाली, हं, सुरू करा.

स्वगत म्हटलं. एक शब्द चुकला नाही. अनेक टेक झाले, सगळे पूर्ण.  शेवटच्याला एकदोघे डोळे पुसत होते. वाऱ्याने वाळू उडत होती, हेही आहे.

उतरल्यावर वाळूतच बसलो. शुभदाने कोट काढला. आतून पूर्ण भिजला होता.  कुंपणावर वाळत घातला.

३ ऑगस्ट, रविवार.

अंग दुखतंय, पण मन प्रसन्न. माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम क्लोज-अप यात शंका नाही. हिंदीतून फोन येतील. आत्मचरित्राचं शेवटचं प्रकरण हेच. संकल्प: घोडेस्वारी पुढे चालू ठेवायची. भारतात गेल्यावर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

रणजित आला. सिनेमाचं एडिटिंग झालं. बराच वेळ चहाच ढवळत होता.

म्हणाला, काका, क्लोज-अप वापरता आले नाहीत. प्रत्येक टेकमध्ये तुम्ही काकूंकडे बघताय. मी म्हणालो, बंदूकबाज आपल्या भूतकाळाकडे बघतोय. म्हणाला, मीही तसंच समजून घ्यायचा प्रयत्न केला. पण तो माणसं मारून आलेला माणूस वाटत नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी दारातून आईकडे बघणारा मुलगा वाटतो.

मग म्हणाला, आवाज ठेवलाय. तुमचा आवाज आणि लाँग शॉट. सिनेमा सुंदर झालाय, काका. नाव तुमचंच पहिलं आहे.

मी म्हणालो, दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा. आवाज माझा पहिल्यापासूनच चांगला. तो गेल्यावर बाल्कनीत जाऊन बसलो. शुभदा येऊन शेजारी बसली. खाली कालव्यातून कुणीतरी होडी नेत होतं. ती म्हणाली, मला दाखवले त्याने ते क्लोज-अप. मला आवडले. मी विचारलं, सिनेमा म्हणून? म्हणाली, नाही, सिनेमा म्हणून नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार.

आम्स्टलफेनच्या हॉलमध्ये मराठी मंडळापुढे खेळ. हॉल भरलेला, पुण्यामुंबईची सगळी तरुण मंडळी. पडद्यावर माझं नाव. मग टेकडी, घोडा, टोपी, आणि वरून माझा आवाज. शेवटी बंदूकबाज घोडा घेऊन टेकडीपलीकडे उतरतो तेव्हा हॉलमध्ये टाळ्या थांबेनात.

बाहेर सगळे माझ्याभोवती. काका, या वयात. काका, पाठ काय ताठ आहे तुमची. काका, त्या उतारावर मला तर भीतीच वाटली. मी हात जोडत होतो. एकाने विचारलं, रोज सराव करता का. मी सांगायला लागलो की शिस्त लागते, पहाटे उठावं लागतं. बोलता बोलता शुभदाकडे लक्ष गेलं. भिंतीजवळ खुर्चीवर बसून समोसा खात होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिने कागदी रुमाल माझ्यापुढे धरला, माझ्या कपाळावर घाम होता म्हणून.

मी म्हणालो, घोड्यावर ही आहे.

त्या माणसाला कळलं नाही. मी परत म्हणालो, पडद्यावर जी स्वारी आहे ती माझ्या बायकोने केली. मी नाही. तो इतका हसला की चहा सांडला. बाकीच्यांना बोलावून सांगितलं, काकांचा विनोद ऐका. मी आणखी दोघांना सांगितलं. एक म्हणाला, केवढा हा मोठेपणा. दुसऱ्याने पाय धरले.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षा विशाखा यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं की यंदा गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे खरा घोडा असेल आणि घोड्यावर रविकांत मिराशी. पुन्हा टाळ्या.

मी रणजितकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार.

शाळा सुरू झाली. ईशानीने डानला सांगून टाकलं की घोड्यावर आजी होती. डान म्हणाला, हे जास्त भारी आहे. दोघं एकत्र डबा खायला लागली. यंदाच्या भाषणाचा विषय ठरला: माझी आजी. डान चित्रं काढून देणार आहे.

मी विचारलं, त्यात माझा उल्लेख येईल का. तिने विचार केला आणि या वेळी मराठीत उत्तर दिलं. आवाज म्हणून येईल.

२६ ऑगस्ट, मंगळवार.

मिरवणुकीला परवानगी द्यायचं काम इथल्या नगरपालिकेचं. इथली नगरपालिका नियमांची फार कडक आहे असं ऐकून होतो. सगळी भिस्त तिच्यावर. दुपारी विशाखाताईंचा फोन आला. ढोल किती वाजवायचे, कुठे थांबवायचे यावर पानभर अटी. घोड्याला हरकत नाही. नंतर लीद उचला, एवढंच.

अमृताला विचारलं, परतीचं विमान अलीकडचं मिळतं का. म्हणाली, बाबा, सणात कुठलं मिळणार.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

घरी गणपती बसला. आरतीला विशाखाताई आल्या होत्या. मोदक खाता खाता म्हणाल्या, काका, रविवारी मिरवणुकीत फेटा कुठल्या रंगाचा बांधायचा.

माझ्या हातातला मोदक फुटला. मी सांगायला लागलो, गुडघा. शुभदाने तूप वाढता वाढता मध्येच सांगितलं, मी बसणार आहे घोड्यावर. नऊवारी नेसून, हेल्मेटवर फेटा बांधून. या वेळी कुणाचा कोट नको. विशाखाताई तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्यांना बहुधा तेव्हा सगळं कळलं.  मग म्हणाल्या, काकू, भगवा शोभेल तुम्हाला.

मला इतकं हलकं वाटलं की मी दोन मोदक आणखी घेतले. महिनोन्‌महिने अन्नाची चव लागली नव्हती ती लागली. मी म्हणालो, उत्तम, मी कडेने चालेन, लोकांना हात करेन. शुभदा म्हणाली, कडेने कशाला, बायका-मुलांची गर्दी असणार, ढोल असणार, माझ्यासाठी लगाम धराल ना. सगळे बघत होते. ईशानीसुद्धा.

मी म्हणालो, हो, त्यात काय.

लगाम धरणाऱ्याला घोड्याच्या तोंडाशी चालावं लागतं, हे विशाखाताई गेल्यावर लक्षात आलं.